पाहुण्याची भाषा आणि रहिवाशाची भाषा

परभाषकांसाठी लिहिलेल्या संभाषणपुस्तिकांकडे समीक्षकाने गंभीरपणे पाहावे अशी आपल्याकडे रीत नाही. छत्री किंवा कंदील ह्यांची जशी कोणी समीक्षा करीत नाही, तशी ‘तीस दिवसांत अमुक भाषा’ ह्या पुस्तकाचीही करीत नाही. तथापि अशा प्रत्येक पुस्तिकेत एक मनुष्य कल्पिलेला असतो. तो सकाळी उठून कोणाशी बोलतो, काय मागतो, त्याला उत्तर कोण देतो, कोणत्या शब्दाने त्याला हाक मारली जाते, हे सर्व पुस्तिकेच्या कर्त्याने ठरविलेले असते. ह्या अर्थाने ती पुस्तिका कादंबरीच्या कुळातली होय. फरक इतकाच की, कादंबरीतील खोटेपणा वाचकाला फारसा बाधत नाही. पुस्तिकेतील खोटेपणा पदरी घेऊन वाचक रस्त्यावर उतरतो.

परक्या शहरात राहणाऱ्या मनुष्याचा रोजचा दिवस ह्या वाङ्मयात कसा दिसतो, हे येथे पाहावयाचे आहे. त्यासाठी प्रथम अरबी भाषक शहरांकडे जाणे सोयीचे आहे, कारण परकीयाची भाषिक अडचण तेथे जितकी उघड आहे आणि जितकी अभ्यासिली गेली आहे, तितकी क्वचितच अन्यत्र असेल. मग तोच दिवा घेऊन पिंपरी-चिंचवड आणि चाकण ह्या आपल्या शेजारच्या पट्ट्याकडे वळता येईल. प्रश्न एकच आहे : परकीयाने कोणती भाषा शिकावी हे पुस्तक ठरविते, की यजमान?

कैरोपासून आरंभ करू. कैरोला राहावयास गेलेला परदेशी बहुधा फुस्हा, म्हणजे ग्रांथिक अरबी, शिकून आलेला असतो. ‘मला पाव हवा’ हे तो ‘उरीदु खुब्झन्’ असे म्हणतो. वाक्य निर्दोष असते. पण कैरोच्या भट्टीवर ‘हवा आहे’ ह्या अर्थी ‘आयिझ’ म्हणतात, आणि पावाला ‘खुब्झ’ न म्हणता ‘एश’ म्हणतात. हा शब्द जगण्याच्या धातूपासून आलेला आहे; पाव म्हणजेच जगणे. पावासारख्या पहिल्या गरजेच्या वस्तूचे नावच जेथे पुस्तकात नाही, तेथे बाकीच्या दिवसाची कल्पना करावी. चार्ल्स फर्ग्युसन ह्यांनी १९५९ साली आपल्या प्रसिद्ध निबंधात ज्या स्थितीला ‘डायग्लॉसिया’ हे नाव रूढ केले ती हीच. अरबी, आधुनिक ग्रीक, स्विस जर्मन आणि हैतीची क्रिओल ही त्यांची चार उदाहरणे. ह्या स्थितीचे गमक असे की, भाषेचे वरचे रूप समाजातील कोणताही वर्ग घरगुती संभाषणासाठी वापरीत नाही. पुढे १९७३ मध्ये अस्-सईद बदवी ह्यांनी इजिप्तच्या अरबीचे दोन नव्हे तर पाच स्तर दाखविले आणि चित्र अधिक सूक्ष्म केले. परंतु नवख्या परदेशी मनुष्यास ह्या पाचांपैकी एकाच, सर्वांत वरच्या पायरीवर उभे केलेले असते आणि खाली उतरण्यास जिना दिलेला नसतो.

ह्या शहरात राहून लिहिणाऱ्या परकीयांमध्ये एडवर्ड लेन ह्यांचे स्थान अद्यापि पहिले आहे. १८२५ ते १८२८ आणि पुन्हा १८३३ ते १८३५ असे ते इजिप्तमध्ये, मुख्यतः कैरोत, तुर्की वेष करून राहिले आणि १८३६ मध्ये आधुनिक इजिप्शियनांच्या चालीरीतींवरील त्यांचा ग्रंथ निघाला. लेन ह्यांच्या दृष्टीतील साहेबी वरचष्म्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. पण प्रस्तुत विषयापुरते त्यांचे एक श्रेय मान्य करावे लागते : त्यांनी यजमानांचे बोलणे ऐकले. कोण कोणाला कसे अभिवादन करतो, त्याला ठरलेले उत्तर काय, रस्त्यावरचे विक्रेते आपला माल कोणत्या आरोळीने विकतात, हे त्यांनी टिपून ठेवले. लेन ह्यांच्या पानांवर कैरो बोलते. त्यांच्यानंतरच्या पुस्तिकांत मात्र परदेशी मनुष्य एकटाच बोलत राहतो आणि शहर गप्प असते.

सेल्डन विल्मोर ह्यांचे उदाहरण ह्याच्या उलट बाजूचे, आणि बोधप्रद आहे. कैरोच्या न्यायालयात न्यायाधीश असलेल्या ह्या गृहस्थांनी १९०१ मध्ये इजिप्तच्या बोलभाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. व्याकरण म्हणून ते परिश्रमपूर्वक लिहिलेले आहे. पण एवढ्यावर न थांबता त्यांनी असे सुचविले की, इजिप्तने हीच बोली, तीही रोमन लिपीत लिहून, शिक्षणाची भाषा करावी. त्यावर कैरोत मोठे वादळ उठले. १९०३ मध्ये हाफिझ इब्राहिम ह्यांनी अरबी भाषेच्याच मुखाने तिची कैफियत मांडणारी जी कविता लिहिली, ती ह्याच वातावरणातली. विल्मोर ह्यांनी ऐकले पुष्कळ, पण यजमानाच्या भाषेचे काय करावे हे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोठून आला, हे त्यांनी स्वतःला विचारले नाही. परकीयाने बोली शिकणे निराळे आणि बोलीला राज्यावर बसविणे निराळे. पुस्तिकाकर्त्यांनी ह्या वादातून चुकीचा धडा घेतला आणि सुरक्षित म्हणून ते पुन्हा फुस्हाकडे वळले, असे मला वाटते.

शब्दसंग्रहापेक्षाही मोठी उणीव संबोधनांची आहे. फुस्हामध्ये ‘तू’ आणि ‘आपण’ असा भेद नित्याच्या सर्वनामांत नाही; कैरोच्या बोलीत तो आहे. वडीलधाऱ्या किंवा अपरिचित मनुष्यास नुसते ‘इन्ता’ म्हणणे उर्मटपणाचे ठरते. तेथे ‘हद्रितक’ म्हणावे लागते. ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘आपली उपस्थिती’ असा आहे आणि आपल्याकडील हजर, हजरत, हजेरी हे शब्द त्याच धातूचे होत. (आकुर्डीच्या कारखान्यात हजेरी लावणारा कामगार आणि कैरोतील अदबीचे ‘आपण’ ह्यांचे असे नाते असावे, ही शब्दांच्या प्रवासातली एक मौजच म्हणावयाची.) शिवाय टॅक्सीवाल्याला ‘उस्ता’, वयस्काला ‘हाग्ग’, बरोबरीच्या मित्राला ‘साहबी’. उस्ता म्हणजे आपल्या तालमीतला वस्तादच. ‘साहबी’चे नवल अधिक आहे : ज्या ‘साहिब’ शब्दापासून तो निघाला त्याच शब्दापासून आमचे ‘साहेब’ आले, तेथे तो खांद्यावर हात टाकतो, येथे तो हात जोडावयास लावतो. दुकानदार पैसे घेताना ‘खल्ली’, म्हणजे ‘राहू द्या’, असे म्हणतो. हा उपचार आहे. गिऱ्हाइकाने आग्रह करून पैसे द्यावयाचे असतात. पुस्तक शिकून आलेला परदेशी त्याचा शब्दशः अर्थ घेतो आणि आनंदाने चालू लागतो. येथे व्याकरण चुकलेले नसते, माणूस चुकतो.

एवढे असूनही कैरोची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. तेथे परदेशी मनुष्याची पुस्तकी भाषा ऐकून लोक हसतील, पण त्याने बोली शिकण्याचा प्रयत्न केला की, ती त्याला हातचे न राखता मिळते. इमारतीचा बव्वाब, म्हणजे दाराशी बसणारा राखणदार, त्याचा पहिला शिक्षक होतो. कैरोत परकीयापासून बोली दूर ठेवते ते पुस्तक, माणसे नव्हेत.

आखाती शहरांत गोष्ट उलटते, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने ती अधिक जवळची आहे. ह्या किनाऱ्याशी मुंबईचा व्यवहार जुना. १९५९ पर्यंत तेथे हिंदुस्थानचाच रुपया चालत होता आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेने खास काढलेला आखाती रुपया काही संस्थानांत १९६६ पर्यंत टिकला. तेलाच्या उत्पन्नाबरोबर कोकणातून, मुंबईतून आणि पुढे पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातूनही कुशल कामगार दुबई, मस्कत, दोहा येथे गेले. दुबईत मूळ अरब रहिवासी एकूण वस्तीच्या लहानशा अंशाएवढेच आहेत. तेथे गेलेल्या फिटरचा दिवस मल्याळी, पठाण, बंगाली, फिलिपिनो अशा सोबत्यांत जातो. अरबाशी त्याची गाठ पडते ती हुकूम ऐकण्यापुरती.

ह्या गाठीभेटींतून जी भाषा घडली तिला अभ्यासक आखाती पिजिन अरबी म्हणतात. तीत क्रियापदाचे एकच रूप सर्व पुरुषांना चालते. ‘फी’ हा ‘आहे’ अशा अर्थाचा शब्द हरकामी बनतो आणि नकारासाठी ‘माफी’ पुढे येते. ‘अना माफी मालूम’, म्हणजे मला ठाऊक नाही. येथील ‘मालूम’ मूळ अरबीच खरा. परंतु त्याचा हा वापर आपल्या हिंदी-उर्दूच्या वळणावर गेला आहे, हे मराठी वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही. ह्या पिजिनचा पहिला शास्त्रीय वृत्तान्त जॅक स्मार्ट ह्यांनी १९९० मध्ये दिला. त्यांची सामग्री कोणती होती हे पाहण्याजोगे आहे. तेथील वर्तमानपत्रांतील व्यंगचित्रे व विनोदी मजकूर ह्यांत परदेशी कामगारांच्या तोंडी जी अरबी घातलेली असे, ती त्यांनी तपासली. म्हणजे आखातातील आशियाई कामगाराची भाषा शास्त्रात प्रथम दाखल झाली ती त्याच्या तोंडून नव्हे, तर त्याची नक्कल करणाऱ्या यजमानाच्या लेखणीतून. पुढे इतरांनी प्रत्यक्ष भाषकांकडून सामग्री गोळा केली व पुष्कळसे निष्कर्ष टिकले. तरीही स्मार्ट ह्यांच्या सामग्रीचे महत्त्व मला वेगळ्याच कारणासाठी वाटते : अशी मोडकी भाषा केवळ शिकणाऱ्याच्या अज्ञानातून होत नाही, यजमान ती स्वतः बोलून दाखवितो. तो आपली भाषा मोडून परकीयाच्या हाती देतो, आणि मग परकीय मोडकी भाषा बोलतो म्हणून हसतो. फर्ग्युसन ह्यांनीच पुढे ह्या प्रकाराला ‘परकीयांशी बोलावयाची भाषा’ अशा आशयाचे नाव दिले. जर्मनीत तुर्की, इटालियन आदी कामगारांशी मुकादम कसे केवळ मूळ धातुरूपे वापरून बोलत, हे मायकेल क्लाइन ह्यांनी १९६८ मध्ये दाखविले होतेच.

जर्मनीचा उल्लेख आला म्हणून चाकणला येणे सोपे झाले. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि सातव्या दशकात ह्या भागात टेल्को, बजाज ह्यांच्याबरोबर स्वीडिश कंपन्याही आल्या. परदेशी तंत्रज्ञ हा येथे तेव्हापासूनचा रहिवासी आहे. मर्सिडीज-बेंझचे काम १९९५ च्या सुमारास पिंपरीत सुरू झाले आणि २००९ मध्ये तिचा चाकणचा कारखाना उभा राहिला. फोक्सवॅगनचा कारखानाही त्याच वर्षीचा. जपानी आणि कोरियन मंडळी त्याच सुमारास व त्यानंतर वाढली. ह्यांच्यासाठी मराठीची पुस्तके आहेत, शिकविण्या आहेत. ती पुस्तके मी पुष्कळ चाळली आहेत. त्यांतील परदेशी मनुष्य विचारतो, ‘ह्या भाजीची किंमत काय आहे?’ आणि भाजीवाली उत्तर देते, ‘ह्या भाजीची किंमत चाळीस रुपये आहे.’

हे वाक्य कोणतीही भाजीवाली बोलत नाही, हा दोष किरकोळ आहे. ‘केवढ्याला दिली?’ असे घालून तो दूर करता येईल. मराठीच्या लिखित व बोली रूपांतील अंतर, म्हणजे ‘माझे घर’ व ‘माझं घर’, ‘करावयाचे’ व ‘करायचं’, हे अरबीच्या मानाने फारच थोडे आहे. फर्ग्युसन ह्यांच्या कसोटीने पाहता मराठीला डायग्लॉसिया लागू करता येणार नाही, कारण प्रमाण मराठीच्या जवळचे बोलणे घरात बोलणारा वर्ग आपल्याकडे आहे. आपल्या काही विद्यार्थ्यांना प्रबंधात ही संज्ञा सरसकट वापरण्याची हौस असते. ती त्यांनी आवरावी. पुस्तकाचा खरा खोटेपणा दुसऱ्या ओळीत आहे. चाकणच्या बाजारात परदेशी मनुष्याने शुद्ध मराठीत किंमत विचारली, तरी उत्तर मराठीत येत नाही. ‘चालीस रुपया’ असे येते, किंवा ‘फॉर्टी रुपीज’ असे येते. पुस्तकाने प्रश्न दिला, उत्तर गृहीत धरले. ते गृहीतच चुकले आहे.

म्हणजे कैरोत पुस्तकाने जे केले आणि आखातात यजमानाने जे केले, ती दोन्ही येथे एकत्र नांदतात. आपण परकीयाला मोडकी मराठी देत नाही, हे खरे. आपण त्याला मराठी देतच नाही. सोसायटीच्या फाटकापासून कँटीनच्या खिडकीपर्यंत त्याच्या वाट्याला येते ती मोडकी हिंदी किंवा मोडकी इंग्रजी, आणि हे आपण सौजन्य म्हणून करतो. पाहुण्याला त्रास नको, ही भावना त्यामागे असते. ती खोटी नाही. पण पाहुणा तीन दिवस राहतो, रहिवासी तीन वर्षे. एवढ्या काळात त्याला ‘सर’ ह्या एकाच संबोधनाने हाक मारली जाते. मराठीत अपरिचिताशी संबंध जोडण्याचा दरवाजा नात्याच्या शब्दांचा आहे : दादा, काका, मामा, ताई, मावशी. ज्याला कोणी काका म्हणत नाही आणि ज्याला कोणाला मावशी म्हणता येत नाही, तो मराठी गावात राहूनही मराठीच्या बाहेरच असतो. संभाषणपुस्तिकांत ह्या शब्दांचा धडा ‘माझे कुटुंब’ ह्या शीर्षकाखाली येतो, जणू काही मामा म्हणजे फक्त आईचा भाऊ! पोलिसाला मामा म्हणतात, कँटीनमध्ये वाढणारी मावशी असते, हे त्यांत नाही.

कोणी म्हणेल की, जर्मन अभियंत्याचे इंग्रजीवर भागते. त्याच्यासाठी एवढा खल कशाला? आक्षेप मान्य करण्यासारखा आहे. परंतु आखातातील फिटरशी तुलना करावयाची तर ती जर्मन अभियंत्याशी करून चालणार नाहीच. ती भोसरीच्या किंवा महाळुंग्याच्या खोलीत सहा जणांबरोबर राहणाऱ्या बिहारच्या, उत्तर प्रदेशाच्या, ओडिशाच्या कामगाराशी केली पाहिजे. कायद्याने तो परदेशी नव्हे. भाषेने मात्र त्याची स्थिती दोह्यातील मराठी माणसासारखीच आहे. त्याच्यासाठी तर पुस्तिकाही कोणी लिहिली नाही. त्याच्याशी आपण जी हिंदी बोलतो तिच्यात एक बारीक घात दडलेला आहे. मराठी ‘तुम्ही’ आदरार्थी आहे. हिंदी ‘तुम’ तितका नाही, तेथे आदरासाठी ‘आप’ लागते. मराठी मुकादम मनात ‘तुम्ही या’ असा आदर धरून ‘तुम आओ’ म्हणतो. ऐकणाऱ्याला त्यात अरेरावी भासते. उलट तो कामगार सवयीने ‘आप’ म्हणत राहतो आणि मुकादमाला ते बोलणे वरवरच्या गोडव्याचे वाटते. दोघेही सभ्य असून दोघांना समोरचा असभ्य किंवा लबाड वाटावा, ही केवळ सर्वनामांची करामत आहे. दोघांपैकी कोणाचीही नसलेली भाषा मध्ये घातल्याने असे होत असते तर ते क्षम्य होते. येथे ती भाषा एकाची बरीचशी स्वतःची आहे, आणि तरीही यजमान तीच निवडतो.

आता ‘भय्या’ हा शब्द घेऊ. हिंदीत तो मोठ्या भावाला लावतात. आपल्याकडे तो त्या भावाला हाक मारण्यासाठी राहिलेला नाही. एका वर्गाचे नाव झाला आहे, आणि वापरणाऱ्याच्या स्वरावरून त्याचा अर्थ मायेचा की तुच्छतेचा ते ठरते. आखातात आशियाई मजुराला अरब ‘रफीक’ म्हणून हाक मारतात. रफीक म्हणजे सोबती, मित्र. त्या हाकेत मैत्री किती असते हे तेथे राहून आलेल्या कोणत्याही मराठी माणसाला विचारावे. तो ‘भय्या’ शब्दाचा जरा निराळा विचार करू लागेल. जवळिकीचा शब्द परकेपणाच्या शिक्क्यासाठी वापरण्याची ही युक्ती दोन भाषांनी स्वतंत्रपणे शोधलेली दिसते.

ह्या पार्श्वभूमीवर परभाषकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांचा जुना वारसा अधिक चांगला होता असे दिसते. विल्यम कॅरे ह्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण श्रीरामपूरला छापले तेव्हा त्याला नित्याच्या विषयांवरील संवाद जोडले होते. त्याआधी १८०१ मध्ये निघालेल्या त्यांच्या बंगाली ‘कथोपकथन’ ह्या संवादसंग्रहात मजुरांचे बोलणे आहे, बायकांची भांडणे आहेत, लग्नाची बोलणी आहेत. कंपनीच्या तरुण साहेबांनी ती भांडणे स्वतः करावयाची नव्हती. ती ऐकून समजावयाची होती. परकीयाने आधी यजमान आपसांत काय बोलतात ते ऐकावे, ही दृष्टी तीत आहे. आपल्या काळात ती पुन्हा आढळते ती मॅक्सीन बर्नसन ह्यांच्या कामात. अमेरिकेतून आलेल्या ह्या विदुषी फलटणला स्थायिक झाल्या. तेथल्या मराठी बोलण्यातील विविधतेवर त्यांनी १९७३ मध्ये प्रबंध सिद्ध केला आणि जाई निंबकर ह्यांच्यासह लिहिलेले मराठीचे संदर्भव्याकरण १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते संभाषणाचे पुस्तक नाही आणि चाकणच्या अभियंत्याला ते रुचणारही नाही. पण त्याच्यामागे ऐकणारा कान आहे. त्यानंतरच्या बाजारी पुस्तकांनी त्यातले काय घेतले, हे शोधावयास गेल्यास हाती फार थोडे लागते.

चाकणसाठी लिहिलेल्या पुस्तकात एक वाक्य तरी अवश्य असावयास हवे, ते मला कोठेही सापडले नाही : ‘माझ्याशी मराठीतच बोला.’ आणि त्यापुढचा धडा यजमानासाठी हवा; हळू बोलणे म्हणजे मोडके बोलणे नव्हे, हे त्यात सांगितलेले असावे. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे परप्रांतीय कामगाराचे मूल आता मराठी वाचते, लिहिते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. त्या मुलाचा बाप मात्र वीस वर्षे येथे राहून मराठी समजतो पण बोलत नाही, कारण तो बोलू लागला की समोरचा हिंदीत उत्तर देतो. घरात पुस्तकी मराठी मुलाची आणि ऐकीव मराठी बापाची, असा नवा भेद ह्या पट्ट्यात तयार होत आहे. त्याची नोंद घेणारे क्षेत्रकार्य आपल्या विभागातून व्हावयास हवे.

कैरोत परदेशी मनुष्याला ‘खवागा’ म्हणतात. फारसी ‘ख्वाजा’चे ते रूप. एके काळी तो मानाचा शब्द होता, आता त्यात थट्टेची छटा आली आहे. आपल्या ‘परदेशी’ शब्दाचा प्रवास निराळ्या दिशेने झाला. उत्तरेकडून शिपाईगिरीसाठी व व्यापारासाठी येथे येऊन राहिलेल्यांना लोक परदेशी म्हणत. पुढे ते आडनाव झाले. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये आज परदेशी आडनावाची घरे आहेत, आणि त्यांतील पुष्कळांत मराठी बोलली जाते.